फॉन्ट हीच लिपी: शेतीच्या एका शब्दकोशाचा जुन्या वर्डपासून ओडीटीपर्यंतचा प्रवास

एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून शेतीतले शब्द जमवले होते. मोट, नाडा, सोंदूर, थारोळं, तिफण, चाडं, चऱ्हाट असे हे शब्द. विहिरींवर इंजिनं आली, शेतात ट्रॅक्टर आला आणि हे शब्द बोलण्यातून निघून गेले. प्रत्येक नोंदीत शब्द, अर्थ, तो कोणत्या गावात ऐकला त्याची नोंद आणि गरज असेल तिथे तळटीप, अशी मांडणी. टायपिंगला सुरुवात झाली २००० च्या सुमारास, तालुक्याच्या डीटीपी सेंटरात. पुढे घरी संगणक आला तेव्हा सरांनी स्वतः भर घातली. त्यामुळे सुरुवातीच्या फाइली जुन्या 'डॉक' स्वरूपात आहेत, शेवटच्या 'डॉकएक्स'मध्ये, आणि मराठी मजकूर सगळीकडे त्या काळच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये. आज युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत, म्हणजे क्रमांक, असतो; त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच संकेतांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. सर आता नाहीत. त्यांच्या कन्येला कोशाची नवी आवृत्ती काढायची आहे. संपादनाचं काम जी मंडळी करणार, ती लिब्रेऑफिस वापरतात. त्यांना फाइली ओडीटीमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपात, हव्या होत्या, शोधता येतील अशा, आणि पुढे संकेतस्थळावर चढवता येतील अशा.

काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर एक प्रयोग होऊन गेला होता. कुणीतरी सगळ्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करून ओडीटी केल्या होत्या. ज्या संगणकावर तो जुना फॉन्ट होता तिथे पानं व्यवस्थित दिसत. दुसऱ्या संगणकावर त्याच पानांवर रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि फ्रेंच भाषेत असतात तसली टोपीवाली अक्षरं. फॉन्ट असलेल्या संगणकावरही 'मोट' शोधलं तर सापडत नव्हतं. एका ऑनलाइन साधनातूनही काही पानं काढून पाहिली गेली होती. त्यातून देवनागरी आली, पण ठळक-तिरपं सगळं सपाट झालं, तळटिपा पानाच्या मजकुरात मिसळल्या आणि मधले इंग्रजी शब्दही देवनागरीची खिचडी होऊन बसले.

या दोन्ही फसलेल्या प्रयोगांतून एकच गोष्ट दिसते, आणि सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं. कुठल्याही वर्ड प्रोसेसरच्या लेखी फॉन्ट ही सजावट असते. मजकूर वेगळा, त्याचं रूप वेगळं. एका स्वरूपातून दुसऱ्यात जाताना मजकूर जसाच्या तसा ठेवायचा आणि सजावट जमेल तितकी उतरवायची, या नियमाने लिब्रेऑफिसने अगदी बरोबर काम केलं होतं. जुन्या मराठी फाइलींत मात्र फॉन्टचं नाव हीच लिपी असते. फाइलीत साठवलेलं असतं एक रोमन अक्षर, आणि ते 'ण' आहे की खरोखरच इंग्रजी शब्दाचा भाग आहे, हे फक्त फॉन्टचं नाव सांगतं. ते नाव बाजूला काढून नुसता मजकूर बदलायला घेतला, जसं त्या ऑनलाइन साधनाने केलं, की एकमेव साक्षीदार गेला. म्हणून मजकूर आणि फॉन्ट यांची जोडी शेवटपर्यंत सुटू न देता अक्षरं बदलायची होती. ही जोडी उघड दिसते ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराभोवती नावांच्या खुणा लावून माहिती साठवण्याच्या पद्धतीत.

फाइलीच्या पोटात

जुनी 'डॉक' ही बायनरी फाइल, तिच्यात बाहेरून हात घालणं जिकिरीचं. 'डॉकएक्स' आणि 'ओडीटी' या दोन्ही खरं तर झिप फाइली आहेत, म्हणजे अनेक एक्सएमएल फाइली आकसून बांधलेली गाठोडी. एक्सएमएल १९९८ मध्ये प्रमाण झालं. ओडीटी ज्या प्रमाणात मोडते त्या ओडीएफला ओएसिस या संस्थेची मान्यता २००५ मध्ये मिळाली आणि पुढच्या वर्षी ते आयएसओ २६३०० झालं. मायक्रोसॉफ्टच्या बाजूचं, डॉकएक्समागचं ओपन एक्सएमएल २००६ च्या डिसेंबरात एक्मा ३७६ म्हणून आणि २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून आलं. हे दुसरं प्रमाण व्हावं की नाही यावर तेव्हा जगभर वाद झाला होता आणि भारताने विरोधात मत दिलं होतं. तो वाद आपल्या जागी. रोजच्या कामापुरतं सांगायचं तर त्या दहा वर्षांत एक फार मोठी सोय झाली: दस्तऐवज आतून वाचता येऊ लागले.

डॉकएक्स उघडली की मुख्य मजकूर एका फाइलीत, स्टाइली, म्हणजे नाव देऊन ठेवलेली रूपं, दुसरीत, तळटिपा तिसरीत, यादीतले अनुक्रमांक चौथीत, आणि शीर्षटीप-पायटिपांच्या आणखी वेगळ्या. मजकूर परिच्छेदांत आणि परिच्छेद 'रन'मध्ये विभागलेला असतो. रन म्हणजे एकाच रूपाचा सलग तुकडा. प्रत्येक रनला गुणधर्मांचा एक गट जोडता येतो आणि त्यात फॉन्ट, आकार, ठळकपणा ही माहिती राहते.

जुन्या 'डॉक' फाइली आधी वर्डमध्येच उघडून डॉकएक्स केल्या. वर्डचं जुनं स्वरूप वर्डलाच सगळ्यात चांगलं कळतं, तिथे दुसरीकडे वळण्यात अर्थ नव्हता. मग प्रश्न आला क्रमाचा. आधी ओडीटी करून तिथे अक्षरं बदलायची, की डॉकएक्समध्येच अक्षरं बदलून नंतर ओडीटी करायची? ओडीटीत थेट दिलेली सजावट 'टी१', 'टी२' अशा आपोआप तयार झालेल्या स्टाइलींच्या नावांमागे जाते, आणि कुठल्या तुकड्याला कोणता फॉन्ट आहे हे कळायला दर वेळी ती स्टाइल शोधावी लागते. डॉकएक्समध्ये ते बहुतेक ठिकाणी रनवरच लिहिलेलं असतं. शिवाय जुन्या संकेतातला मजकूर लिब्रेऑफिसच्या हाती दिला की ते त्याला पाश्चात्य लिपी समजून त्या लिपीच्या खात्यात टाकणार. म्हणून आधी डॉकएक्समध्ये अक्षरं, मग ओडीटी, हे ठरवलं. रचनेचं रूपांतर, म्हणजे तळटिपा, तक्ते, याद्या, हे लिब्रेऑफिसकडेच ठेवलं. ते काम त्यात वर्षानुवर्षं घासून-पुसून झालेलं आहे, ते नव्याने लिहिण्यात शक्ती घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सएमएलच्या झाडातून फिरण्याचं काम एक्सएसएलटी या एक्सएमएल बदलण्यासाठीच्या भाषेला दिलं आणि अक्षरांचा हिशोब पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १९९९ ची, अक्षरांच्या ओळींवर काम करण्यात ती फार कच्ची. दुसरी आवृत्ती बरीच बरी आहे, पण मराठी जोडाक्षरांचे नियम पायथनमध्ये लिहिले तर पुढे दुसऱ्यालाही वाचता येतात.

'दुर्मिळ' शब्दाचं काय होतं

एक शब्द जवळून पाहू. प्रस्तावनेत पहिल्याच पानावर 'दुर्मिळ' हा शब्द आहे. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: द, उकार, र, हलन्त, म, पहिली वेलांटी, ळ. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने असतो: द, उकार, मग पहिली वेलांटी, मग म, मग त्याच्यावरचा रफार, मग ळ. म्हणजे वेलांटी म च्या आधी आणि रफार म च्या नंतर. बदलताना वेलांटीला पुढे उडी मारायची आहे आणि रफाराला मागे. पुन्हा जुन्या फॉन्टमधला 'म' हे एक अक्षर नसतंच. अर्धा म आणि त्यानंतर कान्याचा दांडा असे दोन संकेत मिळून पूर्ण म होतो. दांडा नसेल तर तो पाय मोडलेला म, आणि दोन दांडे असतील तर 'मा'.

वेलांटीची उडी एका अक्षराची नसते, पूर्ण जोडाक्षराची असते. 'स्थिती'मध्ये वेलांटी अर्ध्या स च्याही आधी बसलेली असते. ती स आणि थ दोन्ही ओलांडून थ नंतर यायला हवी. नुसत्या 'हे शोधा, ते घाला' पद्धतीने हे जमत नाही. आधी जोडाक्षराची हद्द ठरवावी लागते. रफाराचंही तसंच. 'कीर्ती'मध्ये शेवटची दुसरी वेलांटी आणि रफार मिळून जुन्या फॉन्टमध्ये एकच जोडचिन्ह असतं. ते फोडून रफार त च्या आधी न्यायचा आणि वेलांटी जागेवर ठेवायची.

इथपर्यंत लिपीचं काम. आता एक्सएमएल आडवं येतं. वर्डचा शुद्धलेखन तपासनीस हा मजकूर इंग्रजी समजतो, त्याला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा वाटतो, आणि चुकीचा शब्द सुरू झाला, संपला अशा खुणा तो फाइलीत रनच्या मध्ये टाकून ठेवतो. इंग्रजी शब्द कुठे संपतो हे तो स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्हं पाहून ठरवतो. जुन्या फॉन्टमध्ये त्याच संकेतांवर मराठी अक्षरं बसवलेली असल्याने खूण पडते ती थेट मराठी शब्दाच्या मधोमध. त्याशिवाय कोणत्या बैठकीत कोणता बदल झाला याचे क्रमांक वर्ड रनवर लिहितो. दुरुस्ती केली की तिथेही रन तुटतो. 'दुर्मिळ' माझ्यासमोर आला तो तीन तुकड्यांत: पहिल्यात द, उकार आणि वेलांटी, दुसऱ्यात म, तिसऱ्यात रफार आणि ळ. एकेक रन स्वतंत्र बदलला असता तर वेलांटीला उडी मारायला पुढे अक्षरच नाही आणि रफाराला मागे जायला जागा नाही. त्या ऑनलाइन साधनातून निघालेल्या पानांवर वेलांट्या शब्दांच्या आधी लटकत होत्या, त्याचं एक कारण हेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्या खुणा आणि बैठकींचे क्रमांक काढून टाकणं आणि शेजारचे समान रन एकत्र करणं. बहुतेक तुटके शब्द एवढ्यानेच जुळतात. उरतात ते, जिथे रूप खरोखरच मध्ये बदललं आहे. कोशात प्रत्येक नोंदीचा शब्द ठळक आणि अर्थ साधा. माउसने शब्द निवडून ठळक करताना शेवटचा रफार किंवा मात्रा निवडीबाहेर राहून गेल्याची उदाहरणं जागोजाग होती. तिथे रन जोडले तर ठळकपणा कुठे संपतो ते हरवतं, न जोडले तर अक्षर फुटतं. उपाय असा केला की परिच्छेदातल्या जुन्या फॉन्टच्या सलग मजकुराची एकच ओळ करायची, पण तिच्यातल्या प्रत्येक संकेताला त्याच्या रूपाचा क्रमांक चिकटवून ठेवायचा. बदल संपूर्ण ओळीवर करायचा. बदललेल्या प्रत्येक अक्षराला, म्हणजे मात्रा-रफारासकट पूर्ण अक्षराला, त्यातल्या मुख्य व्यंजनाचं रूप द्यायचं. मग समान रूपाची अक्षरं एकत्र करून नवे रन बांधायचे. तळटिपेची खूण, टॅब, ओळतोड हे जिथे येतात तिथे ओळ तोडायची, त्यांच्या पलीकडे कुठलंही अक्षर उडी मारत नाही.

कोणता रन मराठी, हे ठरवणं

रनवर फॉन्टचं नाव लिहिलेलं असेल तर सोपं. नसेल तर ते अक्षर-स्टाइलमधून येतं, नाहीतर परिच्छेदाच्या स्टाइलमधून, ती स्टाइल जिच्यावर आधारलेली आहे तिच्यातून, आणि काहीच नसेल तर संपूर्ण दस्तऐवजासाठी आधीच ठरवलेल्या (डीफॉल्ट) फॉन्टमधून. ही साखळी प्रत्येक रनसाठी शेवटपर्यंत चालावी लागते. नव्या फाइलींत आणखी एक फांदी आहे. तिथे फॉन्ट 'थीम'मधून, म्हणजे दस्तऐवजाच्या एकत्रित रंग-फॉन्टच्या संचातून, येऊ शकतो, आणि थीमचा उल्लेख असेल तर शेजारी लिहिलेलं फॉन्टचं नाव धरायचं नसतं. वर्ड एका रनला चार प्रकारचे फॉन्ट देतो: मूळ रोमन अक्षरांसाठी एक, वरच्या संकेतांच्या रोमन चिन्हांसाठी दुसरा, पूर्व आशियाई लिप्यांसाठी तिसरा आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांसाठी चौथा. जुन्या फॉन्टचा मजकूर पहिल्या दोघांत विभागलेला असतो, म्हणून ते दोन्ही एकच आहेत याची खात्री करूनच तो रन मराठी धरला.

अक्षरांचा तक्ता बनवतानाही सावध राहावं लागतं. १२८ ते १५९ या संकेतांवर विंडोजच्या पाश्चात्य संकेतावलीत वळणदार अवतरणचिन्हं, लांब रेघा अशी चिन्हं बसतात, आणि एक्सएमएलमध्ये ती त्यांच्या युनिकोड जागांवर जाऊन पडलेली असतात. फॉन्टच्या कागदी तक्त्यावर १४६ असं लिहिलेलं असेल, पण फाइलीत १४६ सापडणार नाही, तिथे उजवं एकेरी अवतरणचिन्ह सापडेल. चिन्हांच्या फॉन्टमधली काही अक्षरं तर साध्या मजकुरात नसतातच. वर्ड त्यांना वेगळ्या टॅगमध्ये, युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यातला संकेत देऊन ठेवतो. नुसता मजकूर उपसणाऱ्या साधनाला ही अक्षरं दिसतच नाहीत आणि शब्दातून ती गुपचूप गळून पडतात.

मजकूर कुठे कुठे लपलेला आहे याचा शोध घेतला तेव्हा दोन जागा अशा निघाल्या की त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली म्हणजे सूची. शेवटी गावांची सूची हवी म्हणून सरांनी वर्डच्या सोयीने नोंदी केल्या होत्या, आणि ती गावांची नावं छापील मजकुरात नसून वर्डने मजकुरात लपवून ठेवलेल्या आज्ञेच्या आत, अवतरणात होती. आज्ञा इंग्रजी, अवतरणातलं नाव जुन्या संकेतातलं मराठी. पानक्रमांकाची आज्ञाही जुन्याच फॉन्टमध्ये होती, तिला मात्र हात लावायचा नव्हता. ती बदलली असती तर पानक्रमांकच नाहीसे झाले असते. दुसरी जागा अवजारांच्या चित्रांची. तिफणीच्या चित्रावर चाडं, नळी, फण, दिंड अशी नावं मजकूर-चौकटींत लिहिलेली आहेत. नव्या वर्डच्या फाइलींत अशी चौकट दोनदा साठवलेली असते, एकदा नव्या पद्धतीने आणि एकदा जुन्या प्रोग्रॅमांना वाचता यावी म्हणून. दोन्ही प्रतींत अक्षरं बदलली नाहीत, तर कोण कोणती प्रत वाचेल यावर चित्रातली नावं मराठी दिसणार की रोमन, हे ठरतं.

बदल झाला आणि ठळकपणा गेला

अक्षरं बदलून पहिली फाइल उघडली तेव्हा मराठी सुरेख दिसत होती, पण नोंदींचे शब्द साधे झाले होते आणि सगळा मजकूर एकाच लहान आकारात आला होता. हे ज्यांनी असं काम केलंय त्यांच्या ओळखीचं आहे. वर्ड जोडाक्षरी लिप्यांसाठी ठळक, तिरपं आणि आकार यांची वेगळी खाती ठेवतो. मजकूर जुन्या संकेतात होता तोवर रोमनची खाती चालत होती. तो देवनागरी झाला त्या क्षणी दुसरी खाती लागू झाली आणि ती रिकामी होती. त्यामुळे बदललेल्या प्रत्येक रनमध्ये आणि स्टाइलींमध्ये ठळकपणा, तिरपेपणा आणि आकार जोडाक्षरी खात्यातही लिहिले, तिथला फॉन्ट युनिकोडचा दिला आणि भाषा मराठी अशी नोंदवली. आकार जसाच्या तसा उचलला नाही. जुन्या फॉन्टची अक्षरं त्याच पॉइंटला युनिकोड फॉन्टपेक्षा लहान दिसत होती, म्हणून दोन्ही पानं शेजारी ठेवून नवा आकार ठरवला.

भाषेची नोंद ही औपचारिकता वाटते, पण तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात भाषा मराठी असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी असेल तर हिंदी वळणाचे. शेतकऱ्यांच्या शब्दांचा मराठी कोश हिंदी वळणाच्या ल मध्ये छापला जाऊ नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी होती. ओडीटीतही हीच दुहेरी खाती असतात, नावं फक्त वेगळी. रूपांतरानंतर तिथे मराठी भाषा आणि जोडाक्षरी आकार उतरलेत का, हे एक्सएमएल उघडूनच पाहिलं, पडद्यावर विसंबून राहिलो नाही.

अंकांनीही असाच घोळ घातला. हाताने लिहिलेले अंक मजकुराबरोबर बदलले. पण यादीतले अनुक्रमांक, पानक्रमांक आणि तळटिपांचे क्रमांक फाइलीत लिहिलेले नसतात, प्रोग्रॅम ते मोजून दाखवतो. जुन्या फॉन्टमुळे ते १, २, ३ असे दिसत, आणि फॉन्ट काढताच इंग्रजी अंक आले. वर्डमध्ये अंकनासाठी हिंदी अंकांचा एक पर्याय आहे, तो यादी, पान आणि तळटीप या तिन्ही ठिकाणी स्वतंत्र लिहावा लागला. ओडीटीत तो उतरला की नाही हे पुन्हा वेगळं तपासलं आणि जिथे नव्हता तिथे लिब्रेऑफिसमध्ये हाताने लावला.

आणखी एक बदल या टप्प्यावर मुद्दाम केला, जो कुणी मागितला नव्हता. परिच्छेदाच्या सुरुवातीचा ठळक तुकडा म्हणजे नोंदीचा शब्द आणि तिरपा तुकडा म्हणजे गावाचं नाव, हे कोशभर सांभाळलेलं होतं. म्हणून नुसता ठळकपणा ठेवण्याऐवजी तिथे 'शीर्षशब्द' आणि 'गाव' अशा अक्षर-स्टाइली लावल्या. ठळक आहे एवढ्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. 'शीर्षशब्द' म्हटलं की उद्या संकेतस्थळासाठी याच एक्सएमएलमधून नोंदी वेगळ्या काढता येतात. सरांनी इतक्या शिस्तीने जे सांभाळलं, ते सजावट म्हणून पुढे जाण्यापेक्षा माहिती म्हणून जावं असं मला मनापासून वाटलं, आणि संपादकांनाही ते पटलं.

चऱ्हाट कसं लिहायचं

जुन्या फॉन्टमध्ये चऱ्हाट, दुसऱ्या, वाऱ्यावर यांतला अर्धा र हे एक स्वतंत्र चिन्ह असतं. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोधताना मात्र बहुतेक प्रोग्रॅम त्यांना वेगळे शब्द समजतात. एकच प्रकार ठरवायला हवा होता आणि आम्ही ऱ घेतला. युनिकोडची शिफारसही तीच आहे आणि कळफलकावर तो सहज मिळतो. तसंच 'ॲ'चं. जुन्या फॉन्टमध्ये अ वर चंद्र ठेवून तो लिहिलेला होता. मराठीसाठीचा स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधीच्या फाइलींत जो तो जमेल तसा लिही. सगळीकडे एकच ॲ केला.

काही गोष्टी मात्र यंत्राने ठरवू नयेत. एका प्रकरणात 'चऱ्हाट' होतं, दुसऱ्यात 'चर्‍हाट' नव्हे तर चक्क 'चर्हाट', रफार देऊन. टायपिंगची चूक की त्या गावचा उच्चार? मी संपादकांना विचारलं, त्यांनी सरांच्या कन्येला.

"ताई, तुमच्या वडिलांनी हे मुद्दाम लिहिलं असेल का हो?"

"बाबांच्या वहीत बघते. गावानुसार उच्चार वेगळा असेल तर ते शेजारी कंसात गावाचं नाव लिहायचे."

वहीत गावाचं नाव नव्हतं. तिथे चऱ्हाटच ठेवलं, आणि बदल केल्याची टिप्पणी त्या शब्दाला जोडली. अशा प्रत्येक ठिकाणी मूळ काय होतं आणि काय केलं, हे लिहून ठेवायची पद्धत तेव्हापासून पाळली.

तपासणी

पाहिलं आणि बरं दिसलं, एवढ्यावर असं काम सोडता येत नाही. हजारो नोंदींत एका फॉन्ट-संकेताची जागा चुकली तर ती चूक शेकडो शब्दांत शिरते. पहिली चाळणी उलट बदलाची. नवा मजकूर पुन्हा जुन्या संकेतात फिरवला आणि मूळ फाइलीतल्या मजकुराशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. एकाच अक्षराचे जुन्या फॉन्टमध्ये दोन-दोन पर्याय असतात, ते आधी समान करून घेतले. जिथे फरक पडला तिथे एकतर तक्त्यात चूक होती, नाहीतर मूळ टायपिंगमध्ये काहीतरी विचित्र होतं. दुहेरी अनुस्वार, मात्रेवर मात्रा असे प्रकार जुन्या फॉन्टमध्ये एकावर एक छापले जातात आणि डोळ्यांना कधी दिसत नाहीत. युनिकोडमध्ये तेच ठिपक्यांचं वर्तुळ होऊन समोर येतात.

दुसरी चाळणी लिपीच्या व्याकरणाची. शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, एका व्यंजनावर दोन वेलांट्या, हलन्तानंतर थेट मोकळी जागा, देवनागरी शब्दाच्या पोटात एखादं रोमन अक्षर, अशा अशक्य जोड्यांची यादी काढली. तिसरी चाळणी सगळ्यात उपयोगी ठरली: संपूर्ण कोशातले शब्द वारंवारतेने लावले आणि एकदाच आलेले शब्द वेगळे काढले. कोशच असल्याने दुर्मिळ शब्द त्यात भरपूर असणार हे उघड होतं. पण शेती जाणणाऱ्या माणसाला 'थारोळं' आणि 'थाराेळं' यांतला फरक यादीत चटकन खटकतो, कारण दुसऱ्यात ओकार अखंड नसून काना आणि मात्रा असे दोन तुकडे जोडलेले असतात आणि अनेक फॉन्टमध्ये ती मात्रा किंचित सरकलेली दिसते. अशी जोडमात्रा एक सापडली की नियम लिहून सगळीकडची एकदम सुधारता येते.

सगळ्यात शेवटी मूळ फाइलीची पीडीएफ आणि नव्या ओडीटीची पीडीएफ शेजारी ठेवून माणसांनी वाचलं. पानं तंतोतंत जुळत नव्हती आणि जुळावीत असा आग्रहही नव्हता. ओळी कुठे तुटतात ही फॉन्टची गोष्ट, नवी आवृत्ती नव्यानेच मांडली जाणार आहे. तळटिपा मात्र एकूण एक मोजून घेतल्या. डॉकएक्समध्ये त्या वेगळ्या फाइलीत आणि मजकुरात फक्त त्यांचा क्रमांक असतो, ओडीटीत प्रत्येक टीप मजकुराच्या मधोमध, जिथे तिची खूण आहे तिथेच लिहिलेली असते. मोजताना एक ध्यानात ठेवावं लागतं: वर्डच्या तळटिपांच्या फाइलीत पहिल्या दोन नोंदी टिपा नसून टिपांच्या वरच्या रेघांसाठी असतात. त्या वगळल्यावर दोन्हीकडची संख्या सारखी भरली.

कुणाला हाताने ओडीटीचं एक्सएमएल दुरुस्त करून पुन्हा झिप करायचं असेल तर एवढं सांभाळावं: त्यातली 'माइमटाइप' नावाची छोटी फाइल झिपमध्ये सगळ्यात आधी आणि न आकसता ठेवायची असते. नाहीतर काही प्रोग्रॅम ती ओडीटी म्हणून ओळखत नाहीत.

संपादकांच्या हाती ओडीटी फाइली, बदलाचा तक्ता, पायथन आणि एक्सएसएलटीची फाइल आणि केलेल्या सगळ्या निर्णयांची नोंदवही एवढं दिलं. मूळ डॉक फाइली न बदलता वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्या जुन्या फॉन्टची प्रतही त्यांच्याबरोबर, कारण ती नसेल तर मूळ फाइल वाचणारं कुणी उरणार नाही. एका प्रकरणाचं काम अजून बाकी आहे. बैलांच्या साजाच्या त्या प्रकरणात सरांनी दुसऱ्याच एका फॉन्टमध्ये काही ओळी टाइप केल्या होत्या आणि त्या फॉन्टची फाइल कुठेही मिळत नाही. ताईंकडे त्या प्रकरणाची जुनी छापील प्रत आहे. तिच्यावरून एकेक चिन्ह ओळखत तक्ता भरणं चालू आहे, आणि ज्या ओळी अजून लागलेल्या नाहीत तिथे ओडीटीत टिप्पणी जोडून मूळ संकेत तसेच ठेवले आहेत.